आवृत्तीबरोबर पुस्तिकाही हवी

वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नांच्या पोटात पुष्कळदा मोठे प्रश्न दडलेले असतात. सॉफ्टवेअरची एखादी लायब्ररी प्रसिद्ध करताना, तिच्या संहितेवरून यंत्राने तयार केलेली संदर्भपुस्तिका सोबत द्यावी की देऊ नये, हा अशांपैकीच एक प्रश्न होय. ज्यांचा या व्यवसायाशी संबंध नाही ते विचारतील की, इतक्या तांत्रिक बाबीची चर्चा वृत्तपत्राच्या पानावर कशासाठी? परंतु आज शाळेचे निकालपत्रक संगणकावर तयार होते, कचेरीतील पगारपत्रक संगणकावर तयार होते आणि महाविद्यालयात विद्यार्थ्याला आकडेवारीचे आलेख संगणकावर काढावयास सांगितले जातात. या प्रत्येक कामाच्या पाठीशी अनेक लायब्रऱ्या उभ्या असतात. त्या बिनचूक वापरल्या जातात की अंदाजाने, हे बऱ्याच अंशी त्यांच्या पुस्तिकेवर आणि ती पुस्तिका वेळेला हाताशी असण्यावर अवलंबून असते.

लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहून तपासून ठेवलेल्या आज्ञावलींचा संग्रह. दोन तारखांमधील दिवस मोजणे, हजार नावे अकारविल्हे लावणे, फाइल आवळून लहान करणे, ही कामे प्रत्येक प्रोग्रामरने नव्याने लिहीत बसण्याचे कारण नाही. तो लायब्ररीतील तयार आज्ञावलीला तिच्या नावाने हाक मारतो. ही हाक कोणत्या नावाने मारावी, सोबत कोणती माहिती कोणत्या क्रमाने द्यावी, उत्तर कोणत्या रूपात मिळेल आणि काही बिघडल्यास कोणता इशारा येईल, या सर्वांचा जो ठराव, त्याला एपीआय असे म्हणतात. संदर्भपुस्तिका म्हणजे या ठरावाचा लेखी मसुदा. घराचा करारनामा भाडेकरूने रोज वाचायचा नसतो. परंतु वाद उपस्थित झाला की त्यावाचून गत्यंतर नसते. पुस्तिकेचेही तसेच आहे.

पूर्वी ही पुस्तिका माणसे स्वतंत्रपणे लिहीत. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्स प्रणालीच्या पुस्तिकेची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९७१ मध्ये निघाली. तिच्यात आज्ञांच्या वर्णनाखाली त्यांतील ज्ञात दोषांची नोंद करण्याची सोय होती, ही गोष्ट आजही अनुकरणीय वाटते. पुढे असे दिसून आले की, संहिता एका ठिकाणी आणि तिचे स्पष्टीकरण दुसऱ्या ठिकाणी असले की दोघांची फारकत होते. संहिता बदलते, स्पष्टीकरण जुनेच राहते. डोनाल्ड क्नुथ यांनी १९८४ मध्ये असा विचार मांडला की, आज्ञावली आणि तिचे विवेचन एकाच लिखाणात गुंफावे आणि यंत्राने त्यातून दोन्ही वेगळी काढावीत. सर्वसामान्य व्यवहारात या विचाराचे एक सोपे रूप रूढ झाले. १९९६ मध्ये जावा भाषेचा पहिला विकाससंच प्रसिद्ध झाला, त्यातच 'जावाडॉक' नावाचे साधन होते. संहितेत विशिष्ट पद्धतीने लिहिलेल्या टिपा वेचून ते वाचनीय पाने तयार करी. १९९७ मध्ये दिमित्री व्हान हीश यांचे 'डॉक्सिजन' आले आणि सी व सी प्लस प्लस भाषांतील मंडळींची सोय झाली. आता बहुतेक प्रचलित भाषांना असे एखादे साधन उपलब्ध आहे. बटण दाबावे आणि पुस्तिका तयार व्हावी, अशी स्थिती आहे.

आणि येथूनच वादाला सुरुवात होते. पुस्तिका जर यंत्रच तयार करणार, तर ती लायब्ररीच्या गठ्ठ्यात घालून गावोगाव पाठविण्याचे प्रयोजन काय? ज्याला हवी त्याने ती संकेतस्थळावर वाचावी, किंवा आपल्या यंत्रावर तयार करून घ्यावी, असे एका पक्षाचे म्हणणे आहे.

विरोधकांचे म्हणणे

या पक्षाचे मुद्दे हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पहिला मुद्दा आकाराचा. यंत्रनिर्मित पुस्तिकेत प्रत्येक लहानमोठ्या आज्ञेसाठी पान असते. कित्येकदा लायब्ररी मूठभर आणि पुस्तिका पोतेभर, असा प्रकार होतो. शिवाय लायब्ररी उतरवून घेणारा प्रत्येक वेळी माणूसच असतो असे नाही. मोठ्या संस्थांतून हे काम यंत्रेच दिवसातून अनेकदा करतात आणि यंत्रांना पुस्तिका वाचावयाची नसते. रुबी भाषेत लायब्ररी बसविताना पुस्तिकाही वापरणाऱ्याच्या यंत्रावर तयार होत असे. तेवढ्यासाठी खोळंबून राहण्याचा कंटाळा येऊन ती न बनविण्याची सूचना आधीच देऊन ठेवण्याची सवय अनेकांनी लावून घेतली. नको असलेली वस्तू गळ्यात मारली की माणसे ती झटकून टाकण्याची युक्ती शोधतात, हा अनुभव नवा नाही.

दुसरा मुद्दा दुरुस्तीचा. संकेतस्थळावरील पानात चूक आढळली तर ती तासाभरात सुधारता येते; गठ्ठ्यात बांधून गेलेले पान मात्र बाणासारखे, सुटले की सुटले. २०१३ मध्ये याचा प्रत्यय आला. जावाडॉकने तयार केलेल्या पानांमध्ये असा एक दोष सापडला की, त्याचा गैरफायदा घेऊन कोणालाही त्या पानाच्या चौकटीत आपले परके पान घुसविता येत होते. ओरॅकल कंपनीने साधन तर दुरुस्त केलेच. परंतु आधीच तयार होऊन जगभर पसरलेल्या पानांची डागडुजी करण्यासाठी तिला एक निराळे साधन द्यावे लागले. यंत्रनिर्मित पुस्तिका म्हणजे केवळ निरुपद्रवी मजकूर नव्हे. शोध घेण्यासाठी, पाने उघडझाप करण्यासाठी तिच्यात चालती आज्ञावलीही असते. ती आज्ञावली बहुधा तिसऱ्याच कोणाची असते आणि तिचा परवानाही निराळा असू शकतो.

तिसरा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. जे मूळ संहितेत नाही आणि तरीही गठ्ठ्यात आहे, त्यावर विश्वास कोणी आणि का ठेवावा? मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या फाइली आवळणाऱ्या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसविल्याचे उघडकीस आले. कावा असा होता की, सार्वजनिक संग्रहात जी संहिता सर्वांना दिसत होती तिच्यातून बांधणीच्या सूचनांचा एक महत्त्वाचा दुवा वगळलेला होता. तो फक्त प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यात होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रात प्रवेश मिळण्यास अर्ध्या सेकंदाचा अनाकलनीय विलंब होताना दिसला आणि त्याने चिकाटीने माग काढला, म्हणून हे अरिष्ट टळले. या घटनेचा पुस्तिकेशी थेट संबंध नाही. तिच्यातून मिळणाऱ्या धड्याचा मात्र निश्चित आहे. गठ्ठ्यात यंत्राने तयार केलेल्या फाइली जितक्या अधिक, तितकी लपण्याची जागा अधिक. हजार पानांच्या पुस्तिकेत कोणी काय दडविले हे डोळ्यांनी वाचून तपासणे अशक्य आहे.

संकेतस्थळाचा भरवसा

हे तिन्ही मुद्दे मान्य केले तरी 'संकेतस्थळ आहे, मग पुस्तिका कशाला' हा निष्कर्ष त्यांतून निघत नाही. संकेतस्थळाच्या भरवशावर राहणाराची फसगत तीन प्रकारे होते.

एक म्हणजे आवृत्तीची गफलत. शोध घेतला की बहुधा नव्या आवृत्तीचे पान पुढे येते. वापरणाऱ्याच्या यंत्रावर मात्र तीन वर्षांपूर्वीची आवृत्ती असते. किंवा नेमके उलटेही घडते. आकडेवारीच्या अभ्यासासाठी वापरल्या जाणाऱ्या 'पँडास' या लायब्ररीत एका तक्त्याला दुसरा जोडण्याची एक सोपी आज्ञा वर्षानुवर्षे होती. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीतून ती काढून टाकण्यात आली. जुनी पाने आणि जुनी उत्तरे वाचून अभ्यास करणारा विद्यार्थी आजही ती आज्ञा लिहितो, यंत्र ती नाकारते आणि आपलेच काही चुकले असे त्याला वाटते. वस्तुतः चूक त्याची नसते. करारनामा एका आवृत्तीचा आणि घर दुसऱ्या आवृत्तीचे, असा हा घोटाळा असतो. मराठी वाचकाला पाठभेदाचे महत्त्व सांगावयास नको. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले पाठभेद पाहून एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. कोणती प्रत प्रमाण मानावी हे ठरल्याशिवाय अर्थाची चर्चा निष्फळ ठरते, हे त्या परंपरेने पूर्वीच ओळखले होते.

दुसरी गोष्ट, संकेतस्थळे मरतात. जावाच्या कित्येक मुक्त प्रकल्पांचे माहेरघर असलेले 'कोडहाउस' २०१५ मध्ये बंद झाले. गूगलने चालविलेले 'गूगल कोड' जानेवारी २०१६ मध्ये मिटले. २०१७ मध्ये 'जावा डॉट नेट'चीही तीच गत झाली. परंतु या घरांतून बाहेर पडलेल्या लायब्रऱ्या काही त्याच दिवशी चालावयाच्या थांबल्या नाहीत. जुन्या आज्ञावलींतून 'कोडहाउस' हे नाव अजूनही वाचावयास मिळते. घर पडले, पत्ता उरला. अशा वेळी ज्यांच्यापाशी आवृत्तीबरोबर आलेली पुस्तिका असते त्यांचे काम चालू राहते. इतरांना अंधारात चाचपडावे लागते.

तिसरी आणि सर्वांत साधी गोष्ट म्हणजे, इंटरनेट सर्वत्र आणि सर्वकाळ असते हे गृहीतकच चुकीचे आहे. विद्यापीठीय प्रोग्रामरांच्या जागतिक स्पर्धेत, आयसीपीसीत, स्पर्धकांना इंटरनेट दिले जात नाही. म्हणून भाषांच्या संदर्भपुस्तिका त्यांच्या यंत्रावरच ठेवलेल्या असतात. पुस्तिका हाताशी असणे हा हक्क आहे, सवलत नव्हे, हे तेथे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. सुरक्षिततेसाठी बाहेरच्या जाळ्यापासून तोडून ठेवलेली यंत्रे अनेक संस्थांत असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरमधील इंटरनेट बंद झाले आणि मोबाइलवरील वेगवान सेवा पूर्णपणे सुरू व्हावयास फेब्रुवारी २०२१ उजाडले. त्या काळात तेथे शिकणाऱ्या विद्यार्थ्याला 'संकेतस्थळावर पाहा' हे उत्तर म्हणजे क्रूर थट्टाच होती. संकेतस्थळ पुरेसे आहे असे म्हणणारा मनुष्य बहुधा असा असतो की, ज्याच्या खोलीतील दिवा कधी गेलेला नाही.

अलीकडे एक चौथे कारण पुढे आले आहे. पुस्तिका वाचण्याऐवजी कृत्रिम बुद्धीच्या साहाय्यकाला प्रश्न विचारण्याची पद्धत रूढ होत आहे. हे साहाय्यक उपयुक्त आहेत यात शंका नाही. परंतु ते दोन आवृत्त्यांची सरमिसळ करतात आणि प्रसंगी अस्तित्वातच नसलेली आज्ञा आत्मविश्वासाने सुचवितात. साक्षीदार कितीही वाक्पटू असला तरी मूळ कागद पाहिल्याशिवाय न्याय देता येत नाही. साहाय्यकाचे उत्तर पडताळून पाहावयाचे तर नेमक्या त्याच आवृत्तीची पुस्तिका जवळ हवी. तिची गरज त्यामुळे कमी न होता वाढलीच आहे.

भाषाभाषांतील भेद

या वादात सर्व भाषांना एकच मापदंड लावण्याची चूक केली जाते. पायथनमध्ये टीप आज्ञावलीच्या पोटातच राहते. वापरणाऱ्याने मदत मागितली की यंत्र ती वाचून दाखविते. वर उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याने संकेतस्थळे धुंडाळण्याऐवजी आपल्याच यंत्राला विचारले असते, तर त्याच्याकडील आवृत्तीचे उत्तर त्याला तत्काळ मिळाले असते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असा हा प्रकार. पर्लमध्येही स्पष्टीकरण संहितेच्याच फाइलीत असते. रस्ट भाषेतील लायब्रऱ्या मूळ संहितेच्या रूपात येतात, त्यामुळे एका आज्ञेसरशी त्यांची पुस्तिका कोणालाही घरी तयार करता येते. या भाषांत निराळी पुस्तिका पाठविण्याचा आग्रह फारसा धरण्याचे कारण नाही.

जावाची, सीची गोष्ट वेगळी. तेथे वापरणाऱ्याच्या हाती पडते ती यंत्रभाषेत किंवा तिच्या जवळच्या रूपात उतरविलेली लायब्ररी. हे रूपांतर करताना संहितेतील टिपा गळून पडतात. लेखकाने कष्टाने लिहून ठेवलेले 'ही किंमत शून्य देऊ नये', 'ही फाइल बंद करण्याची जबाबदारी हाक मारणाऱ्याची' यांसारखे इशारे त्या रूपांतरित लायब्ररीत शोधूनही सापडत नाहीत. सीच्या लायब्ररीबरोबर येणाऱ्या शीर्षक-फाइलींत काही टिपा उरतात, एवढेच. तेव्हा जेथे टीप लायब्ररीबरोबर प्रवास करीत नाही तेथे पुस्तिकेने प्रवास केलाच पाहिजे. हा नियम साधा आहे आणि वादाचा निम्मा गुंता त्याने सुटतो.

नियमाची पूर्तता आणि हेतूची पूर्तता

परंतु केवळ नियम करून भागत नाही. जावाच्या लायब्रऱ्यांचे जे मध्यवर्ती भांडार, 'मेवन सेंट्रल', त्याने असा नियम केला आहे की, लायब्ररीबरोबर तिची संहिता आणि तिची पुस्तिका असे दोन स्वतंत्र गठ्ठे दिल्याखेरीज ती स्वीकारली जाणार नाही. नियम दूरदृष्टीचा आहे. मात्र ज्यांना काही कारणाने पुस्तिका देता येत नाही त्यांनी एखादी लहानशी सूचनाफाइल घातलेला नाममात्र गठ्ठा द्यावा, अशी मुभाही भांडाराच्या चालकांनी ठेवली. म्हणजे तपासनीस गठ्ठा आहे की नाही एवढेच पाहणार. तो उघडून पाहणार नाही. जावक क्रमांक पडला की प्रकरण निकालात निघाले, ही रीत कचेऱ्यांना परिचित आहे.

खरी पुस्तिका दिली तरी तिच्यात काही असेलच याची शाश्वती नसते. 'नाव देणे: नाव देते' अशा थाटाची पानेच्या पाने यंत्र निमूटपणे छापून देते. यंत्र टिपा वेचू शकते, लिहू शकत नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? पुस्तिका पाठवावी की नाही हा वाद घालणाऱ्यांनी आधी आपल्या आडात किती पाणी आहे हे पाहावे. किंबहुना पुस्तिका प्रत्येक आवृत्तीबरोबर जगासमोर ठेवावी लागते, या जाणिवेनेच लेखकाला चार ओळी नीट लिहिण्याची बुद्धी होण्याचा संभव अधिक.

व्यवहार्य तोडगा

या सर्वांचा विचार करता मध्यममार्ग दिसत नाही असे नाही. काहींनी तो चोखाळलाही आहे. डेबियन प्रणालीच्या धोरणानुसार मोठी पुस्तिका मुख्य गठ्ठ्यात न कोंबता तिचा निराळा गठ्ठा केला जातो. हवा त्याने तो घ्यावा. रस्टचा संच बसविताना भाषेची पुस्तिका नेहमीच्या संचात आपोआप येते. ज्याला ती नको त्याच्यासाठी किमान संचाची सोय आहे. या दुसऱ्या उदाहरणातील शहाणपण लक्षात घेण्यासारखे आहे. मागणाऱ्याला पुस्तिका शोधावी लागत नाही, नाकारणाऱ्याला नाकारावी लागते. नवशिक्याला काय मागावे हेच ठाऊक नसते आणि जाणत्याला नाकारणे जड जात नाही. तेव्हा श्रमाचा भार जाणत्यावर टाकणे न्याय्य होय.

तेव्हा कर्तव्य स्पष्ट आहे. प्रत्येक आवृत्तीबरोबर, तोच क्रमांक व तीच सही असलेला पुस्तिकेचा स्वतंत्र गठ्ठा निघावा. मुख्य गठ्ठ्यात तिची भर घालू नये, म्हणजे यंत्रांना तिचे ओझे होणार नाही. पाने साधी असावीत. चालत्या आज्ञावलीचा सोस टाळावा, म्हणजे २०१३ सारखा प्रसंग ओढवण्याचे कारण उरणार नाही. पानांवर तयार झाल्याची वेळ छापण्याची हौसही आवरावी. कारण त्याच संहितेवरून दुसऱ्या कोणी पुस्तिका तयार केली तर ती अक्षरशः तीच निघाली पाहिजे. असे झाले की 'हिच्यात दडलेले काय' या शंकेचे उत्तर हजार पाने वाचून देण्याची गरज राहत नाही. दोन प्रती यंत्राने ताडून पाहिल्या की झाले. चूक आढळल्यास संकेतस्थळावर ती जरूर सुधारावी आणि पुढील आवृत्तीत ती सुधारणा यावी. संकेतस्थळ आणि गठ्ठा ही एकमेकांची सवत नव्हेत.

यासाठी लेखकाला फार मोठी तोशीस पडते असेही नाही. मुक्त लायब्रऱ्यांचे पुष्कळसे लेखक विनावेतन राबतात, त्यांच्यावर नवे ओझे लादू नये, हा आक्षेप सहृदय आहे. परंतु गठ्ठा बांधण्याचे काम एकदा लावून दिले की यंत्रच ते दर खेपेस करते. लेखकाने करावयाचे ते एवढेच की, जे त्याला ठाऊक आहे आणि दुसऱ्याला ठाऊक असणे शक्य नाही, ते टिपेत लिहून ठेवावे.

ज्ञान निर्माण करणारा आणि ते वापरणारा यांच्यातील अंतर आज हजारो मैलांचे आणि कित्येक वर्षांचे असू शकते. आज प्रसिद्ध झालेली लायब्ररी दहा वर्षांनी एखाद्या तालुक्याच्या गावातील शिक्षकाच्या जुन्या यंत्रावर चालू असेल. त्या वेळी तिचा लेखक दुसऱ्या उद्योगात असेल, संकेतस्थळ मिटलेले असेल आणि शिक्षकासमोर बसलेला विद्यार्थी 'हे असे का होते?' असे विचारीत असेल. त्या प्रश्नाचे उत्तर आवृत्तीबरोबर आलेल्या गठ्ठ्यात असावे, इतकीच ही मागणी आहे. वस्तू देणाऱ्याने ती कशी वापरावी हेही सांगावे, हा व्यवहाराचा जुना धर्म आहे. वस्तू डोळ्यांना दिसत नाही एवढ्या कारणाने तो बदलत नाही.